काम सांगणारा मालक

वैशाखातल्या भर दुपारी धुळ्या-जळगावकडच्या एखाद्या जुन्या सरकारी कचेरीत पाऊल टाकून पाहा. बाहेर झळा मारीत असतात, डांबर पायाला चिकटत असते. पण आत शिरताच जिवाला जरा बरे वाटते. भिंती चांगल्या दोन-दोन फूट जाड, छत उंच, तापलेली हवा निघून जावी म्हणून छताशी झरोके, आणि भिंतीला ऊन लागू नये म्हणून भोवताली रुंद ओसरी. आता तिथून उठा आणि एखाद्या खेड्यातल्या पत्र्याच्या शाळाखोलीत जाऊन बसा. डोक्यावर पंखा फिरतो आहे, पण तो पत्र्याखालची तापलेली हवाच खाली ढकलतो. पोरे वहीने वारा घेत पाढे म्हणताहेत. वाचकहो, या दोन्ही इमारती सरकारनेच बांधलेल्या आहेत. मग एवढा फरक का पडावा?

उत्तर साधे आहे. पहिली कचेरी बांधली गेली तेव्हा विजेचा पंखा नव्हता. इमारत गरम झाली तर तिला थंड करायला दुसरे साधन नाही, हे मालकाला ठाऊक होते. म्हणून त्याने कारागिराला सांगितले, उन्हाचा बंदोबस्त भिंतीतच कर. आपल्या धाब्याच्या घरांनीही तेच केले. माळदावर मातीचा जाड थर दिला आणि उन्हाला वरच्या वर थोपवले. दुसऱ्या इमारतीच्या वेळी मालकाने कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारला: सर्वांत स्वस्तात कोण बांधून देतो?

आज मला तुमच्याशी या मालकाविषयीच बोलायचे आहे. ऊर्जेच्या नव्या युक्त्या शोधणारे शास्त्रज्ञ असतात, त्या बसवणारे गवंडी आणि इंजिनियर असतात. पण त्या युक्तीला पहिल्यांदा जागा देतो तो काम सांगणारा, पैसे मोजणारा मालक. विकण्यासाठी घरे बांधणारा माणूस विजेची फार फिकीर करीत नाही, कारण घर विकले की बिल दुसऱ्याच्या नावावर जाते. सार्वजनिक मालकाचे तसे नाही. गाव असो, रेल्वे असो की सरकारी खाते असो, जे बांधले ते पन्नास वर्षे त्यालाच चालवायचे असते. म्हणून नव्या युक्तीचा पहिला गिऱ्हाईक बहुधा तोच होतो. खानदेशचा इतिहास या दृष्टीने चाळला, तर फार शिकण्यासारखे सापडते.

आरंभ पांझरा नदीपासून करू. साक्री तालुक्यातून, पिंपळनेरच्या अंगाने ती धुळ्याकडे उतरते. तिच्यावर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटांवर फड पद्धत चालत आली आहे. किमान तीन शतके तरी ती चालू आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाने पाट काढायचा, तो उताराउताराने शेतांच्या माथ्यावरून न्यायचा आणि खालच्या सगळ्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि सालोसाल पिके फिरवायची. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार आणि वर पंच.

तुम्ही म्हणाल, यात ऊर्जेचा काय संबंध? विहिरीवरची मोट आठवा. एक बैलजोडी दिवसभर धावेवरून खाली-वर करते तेव्हा कुठे थोडेसे रान भिजते. बैलाला वैरण लागते आणि मोट हाकायला माणूस लागतो. फडाच्या पाण्याला काहीच लागत नाही; नदी डोंगरावरून जी उंची घेऊन आली, तीच उंची पाण्याला शेतापर्यंत नेते. पण ही फुकटची शक्ती एकट्या शेतकऱ्याला मिळण्यासारखी नव्हती. एकट्याने मोट बांधता येते, बंधारा आणि दोन-चार कोसांचा पाट एकट्याने राखता येत नाही. दरसाल गाळ काढायला आणि फुटका पाट बांधायला सारे गाव लागते. सार्वजनिक मालक म्हणजे काय, हे खानदेशाला शिकवायला बाहेरचे कोणी यावे लागले नाही.

याच पांझरेच्या काठी, साक्रीजवळ दातर्ती नावाचे गाव आहे. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा कोवळा इंजिनियर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला आणि थोड्याच काळात धुळ्याकडे नेमला गेला. दातर्तीला नदीचे पात्र ओलांडून पाणी पलीकडे न्यायचे होते. त्यासाठी नळांचा वक्रनळा, म्हणजे ज्याला आपण सायफन म्हणतो तो, पात्राखालून घालायचे काम त्याच्याकडे आले. युक्ती अशी की एका काठावर पाणी नळात शिरते, नदीच्या तळाखालून जाते आणि दुसऱ्या काठावर आपल्याच दाबाने जवळजवळ मूळच्या पातळीपर्यंत चढते. थोडी उंची घर्षणात जाते, तेवढीच. पंप नको, कोळसा नको.

कागदावर सोपे, पण पावसाळा लागला आणि पांझरेला पूर येऊ लागले. काम पुढे ढकलावे असे त्या तरुणाला वाटले आणि त्याने तसे वर कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. शेवटी त्याने पुराशी झुंज देत काम तडीस नेले. पुढे हेच विश्वेश्वरय्या भारतातले सर्वांत नामांकित इंजिनियर झाले. मला या गोष्टीत दोन माणसे दिसतात. एक नदीत उभा राहून नळ बसवणारा, आणि दुसरा कचेरीत बसून 'हे झालेच पाहिजे' म्हणणारा. पहिल्याचे नाव आपण दर पंधरा सप्टेंबरला घेतो. दुसऱ्याचे घेत नाही, पण त्याच्या हट्टावाचून तो नळ त्या वर्षी बसला नसता. हा हट्ट बरोबर होता का, पुरात माणसांना उतरवणे योग्य होते का, हा प्रश्न मात्र उरतोच. मालकाच्या हातात जेवढी ताकद, तेवढीच जबाबदारी. या मुद्द्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता पाण्याकडून रुळांकडे वळू. पाटाचा मालक गाव होता. रुळांचा मालक आधी कंपनी होती, पुढे सरकार झाले. भुसावळ हे गाव रेल्वेने मोठे केले हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९२५ साली सरकारच्या ताब्यात आली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. या रेल्वेने आपल्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभे केले. १९३० पर्यंत कसारा घाट चढून तारा इगतपुरीला पोचल्या. सदतीस फुटांना एक फूट अशी त्या घाटाची चढण. वाफेच्या इंजिनांची तिथे दमछाक होई. म्हणून विजेचा पहिला मान घाटाला मिळाला.

पण इगतपुरीला तारा थांबल्या त्या थांबल्याच. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ या आपल्या पट्ट्यात पुढे जवळजवळ चाळीस वर्षे कोळशाचा धूर राहिला. १९५७ साली भारतीय रेल्वेने एक मोठा निर्णय घेतला. मुंबईकडे दीड हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. नव्या मार्गांवर फ्रान्सच्या रेल्वेने यशस्वी करून दाखवलेली पंचवीस हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धत वापरायची असे ठरले. व्होल्ट वाढले की तीच शक्ती कमी प्रवाहाने नेता येते. तार बारीक पुरते, गळती कमी होते आणि उपकेंद्रे लांबलांब ठेवता येतात. लांब पल्ल्याच्या देशाला ही पद्धत मानवणारी होती.

इथे मालकाचे मोठेपण पाहा. पद्धत नवी, इंजिने परदेशांतून आणावी लागत. पण रेल्वेने निव्वळ खरेदी केली नाही. चित्तरंजनच्या आपल्याच कारखान्यात १९६३ साली या प्रवाहावरचे पहिले देशी इंजिन तयार करवून घेतले. रूळ तिचे, इंजिन तिचे, आणि कोळशाचे बिलही तिचेच. म्हणून आज जास्त खर्च करून उद्याचे वाचवणे तिला परवडत होते. १९६८-६९ च्या सुमारास इगतपुरी ते भुसावळ मार्गावर तारा लागल्या. इगतपुरीला दोन प्रवाहांची गाठ पडली आणि गाड्यांची इंजिने तिथे बदलू लागली. भुसावळला विजेच्या इंजिनांची शेड आली, दुरुस्तीचा कारखाना आला, आणि वाफेच्या इंजिनावर हात काळे केलेल्या घरांतली पोरे विजेची कामे शिकली. मुंबईकडचा जुना प्रवाह पुरता बदलून व्हायला मात्र २०१६ साल उजाडले. एकदा बांधलेले मोडून पुन्हा बांधणे किती जड जाते, ते यावरून कळते. म्हणूनच बांधण्याआधी नीट विचार करायचा असतो.

विजेचा विषय निघाला, तर ती येते कोठून हेही पाहिले पाहिजे. भुसावळजवळ दीपनगरला १९६८ साली साडेबासष्ट मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे दोनशे दहा मेगावॅटचे दोन आणि त्यानंतर पाचशेचे दोन संच आले. हतनूरचे पाणी आणि रेल्वेने आलेला कोळसा यांवर हे केंद्र चालते. पण कोळसा जळला की राख उरते, आणि आपल्या कोळशात राख फार. ही राख साठवायची कोठे, हा आसपासच्या गावांच्या जिवाला लागलेला घोर.

या राखेचे सोने करण्याची युक्ती शास्त्रज्ञांना केव्हाच ठाऊक होती. लाल वीट भट्टीत भाजावी लागते, तिला कोळसा लागतो आणि शेतातली माती जाते. राखेची वीट भाजावी लागत नाही. चुना किंवा सिमेंट मिसळून दाबायची आणि पाणी मारून मुरवायची. सिमेंटचेही तसेच. त्याचा मूळ गठ्ठा सुमारे साडेचौदाशे अंशांवर भाजून काढतात. त्यात काही भाग राख मिसळली की तेवढे भाजणे वाचते. युक्ती होती, राख होती, पण गिऱ्हाईक नव्हते. कंत्राटदार म्हणे, "साहेब, दरपत्रकात लाल वीटच लिहिली आहे." भट्टीवाला म्हणे, "मागणीच नाही तर करू कशाला?"

ही कोंडी फुटली ती सरकारने अट घातल्यामुळे. १९९९ साली केंद्र सरकारने हुकूम काढला की कोळशाच्या वीजकेंद्रापासून पन्नास किलोमीटरांच्या आत विटा आणि बांधकामे करणाऱ्यांनी राख वापरलीच पाहिजे. सरकारी बांधकाम खातीही त्यातून सुटली नाहीत. पुढे २००३ साली ही मर्यादा शंभर किलोमीटर झाली आणि २०१६ साली तीनशे. जळगाव तर पहिल्या पन्नासातच बसते. तीनशेच्या फेऱ्यात सारा खानदेश आला. हुकूम निघाला म्हणून राखेचे ढीग एका रात्रीत सरले असे नाही. पण टेंडरात 'राखेची वीट' हे शब्द आले, आणि टेंडरात शब्द आला की बाजारात माल येतो.

टेंडरातल्या शब्दाची ताकद किती, याचे आणखी एक उदाहरण तुमच्या घरात छताला लटकते आहे. एलईडी दिवा आला तेव्हा महाग होता आणि महाग म्हणून खपत नव्हता. केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने साऱ्या देशाची मागणी एकत्र करून लाखांनी दिवे मागवायला सुरुवात केली. २०१४ च्या आरंभी तिला एक दिवा सुमारे तीनशे दहा रुपयांना पडला. २०१६ साली तो अडतीस रुपयांना मिळू लागला. एवढी मोठी आणि भरवशाची मागणी दिसल्यावर कारखानदारांनी यंत्रे वाढवली आणि चढाओढीने भाव पाडले. याच कंपनीशी २०१७ च्या सुमारास आपल्या राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानेही करार केला आणि सरकारी इमारतींतले जुने दिवे, पंखे बदलण्याचे काम हाती घेतले. आधी कंपनीने खर्च करायचा आणि विजेच्या बचतीतून तो फेडून घ्यायचा, अशी तिची रीत आहे.

ही रीत का काढावी लागली, ते समजून घ्या, कारण सरकारी मालकाचे खरे दुखणे तिथेच आहे. इमारत एक खाते बांधते आणि विजेचे बिल दुसरे खाते भरते. बांधणाऱ्याला बचतीचा लाभ नाही, भरणाऱ्याला बांधण्यात बोलण्याचा अधिकार नाही. एक हिशेब मांडतो. समजा, एका सरकारी संस्थेत शंभर पंखे आहेत, ते दिवसाला आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस चालतात. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, नवा तीस. पंख्यामागे वर्षाला नव्वद युनिट, म्हणजे शंभर पंख्यांमागे नऊ हजार युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तर बहात्तर हजार झाले. नवा पंखा दीड हजाराने महाग धरला, तरी जास्तीचे दीड लाख दोन वर्षांहून थोड्याच अधिक काळात वसूल. पण सर्वांत कमी बोलीचे टेंडर घ्यायचे म्हटले की जुनाच पंखा बसतो आणि पुढची पंधरा वर्षे जनता त्याचे व्याज भरते.

आता साक्रीला परत जाऊ. जिथून पांझरा निघाली, तिथेच ही गोष्ट येऊन थांबते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने सव्वाशे मेगावॅटचे सूर्यविजेचे केंद्र उभारले आणि ते २०१३ साली सुरू झाले. केएफडब्ल्यू या जर्मनीच्या सरकारी बँकेचे कर्ज त्याला होते. तो काळ कसा होता ते ध्यानात घ्या. केंद्र सरकारने २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले, तेव्हाच्या पहिल्या लिलावात सूर्यविजेचा सरासरी दर युनिटला बारा रुपयांच्या घरात होता. कोळशाची वीज त्याहून कितीतरी स्वस्त होती. कोणता शहाणा व्यापारी स्वतःच्या भरवशावर त्यात पडला असता? सरकारी मालकांनी पहिला महाग घास गिळला, काम करणाऱ्यांचे हात बसले, जगभर कारखाने वाढले. आणि २०१७ साली राजस्थानात भडल्याच्या लिलावात हाच दर दोन रुपये चव्वेचाळीस पैशांवर आला. ज्या उन्हाला आपले आजोबा शिव्या देत आले, त्याचा पैसा होऊ लागला.

पण वाचकहो, सूर्याच्या विजेला ऊन फुकट मिळाले तरी जमीन फुकट मिळत नाही. धुळे जिल्ह्यातल्याच विखरण गावच्या एका वृद्ध शेतकऱ्याची जमीन वीजप्रकल्पासाठी घेतली गेली. मोबदला फार तुटपुंजा मिळाला, शेजारच्याला वेगळा आणि मला वेगळा का, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवून जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी ते गेले. विजेच्या साऱ्या बचतीचा हिशेब एका पारड्यात आणि हे एक मरण दुसऱ्या पारड्यात ठेवले, तर कोणते जड होईल, हे तुम्हीच ठरवा. दातर्तीच्या पुरात जो प्रश्न मी मध्येच सोडला होता, तो हा. नवी गोष्ट करण्याचा धोका सार्वजनिक मालकाने पत्करावा, ही त्याची थोरवी. तो धोका गरिबाच्या खांद्यावर टाकला, तर ती थोरवी उरत नाही.

याही बाबतीत मालकाने अट बदलली की वाट निघते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, आणि २०२३ च्या तिच्या नव्या आवृत्तीत खाजगी जमीन भाड्याने घेण्याचा दर ठरला: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ. सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहतो. तावदाने तीच, ऊन तेच. बदलला तो करारातला शब्द. माझ्या मते तावदानातल्या शोधाइतकाच हाही शोध मोलाचा आहे.

तर असा हा प्रवास. पांझरेच्या पाटावरचे पंच, दातर्तीच्या कामावर अडून बसलेला अधिकारी, भुसावळपर्यंत तारा नेणारी रेल्वे, राखेची अट घालणारे सरकार, हे सारे काम सांगणारे मालक. त्यांनी जे मागितले ते कारागिरांनी करून दिले. जे मागितले नाही ते बहुधा झाले नाही.

आणि हा सार्वजनिक मालक शेवटी कोण? तुमच्या गावच्या शाळेची नवी खोली मंजूर होईल, तेव्हा ग्रामसभेत कागद वाचला जाईल. त्या वेळी फक्त दोन प्रश्न विचारा. छतावरचे ऊन अडवायला काय केले आहे, आणि या खोलीचे विजेचे बिल दरमहा किती येईल? इंजिनियर साहेब चांगले असतील तर रागावणार नाहीत. उलट त्यांना बरेच वाटेल, कारण त्यांनाही चांगली खोली बांधायची असते, फक्त ती मागणारा कोणी हवा असतो. पुढच्या वैशाखात त्या खोलीत तुमचीच नात पाढे म्हणत बसणार आहे.